गच्चीवरून मोजलेली इंटरनेट-उपग्रहांची उंची

अवकाशातून इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांविषयी गेल्या काही वर्षांत इतके छापून आले आहे, की अकरावीच्या वर्गात ‘गुरुत्वाकर्षण’ हे प्रकरण सुरू होताच पहिली शंका त्यांच्याविषयीच निघते. मी ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. या वर्षी ती शंका मुरबाड तालुक्यातील डोंगराकडच्या गावातून शिकायला आलेल्या एका विद्यार्थिनीने काढली, आणि ती अशा रीतीने काढली, की पुस्तकातील चार ओळी वाचून दाखवून तिची बोळवण करणे मला योग्य वाटले नाही. “मॅडम, आमच्या घरावर टीव्हीची छत्री आहे. तिच्यावर उपग्रहावरूनच चित्र येतं. मग त्याच छत्रीवर नेट का येत नाही? नवे उपग्रह जवळ आहेत म्हणून त्यांच्यावरून येतं म्हणतात. पण ते जवळ आहेत हे आपल्याला कसं कळणार?”

तिच्या बोलण्याच्या पहिल्या भागाचे उत्तर फळ्यावर देता येते. टीव्हीच्या छत्रीला दिसणारा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तेथे एका प्रदक्षिणेला पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतकाच वेळ लागतो, म्हणून तो आकाशात एकाच जागी थांबल्यासारखा भासतो आणि छत्री एकदा दक्षिणेच्या बाजूला रोखून पक्की केली, की काम भागते. टीव्हीचे चित्र एकाच दिशेने येते. ते पाव सेकंद उशिरा पोचले, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. इंटरनेटचे तसे नाही. आपण मागणी पाठवायची, ती उपग्रहावरून जमिनीवरील केंद्रात जायची, तेथून उत्तर पुन्हा उपग्रहावर चढून आपल्याकडे उतरायचे, म्हणजे तीच उंची चार वेळा पार करायची. ३५,७८६ ची चौपट सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर होते आणि प्रकाशाच्या वेगालाही तेवढे अंतर कापायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. समोरासमोरचे संभाषण किंवा ऑनलाइन परीक्षा अशा कामांत प्रत्येक देवाणघेवाणीला हा अर्धा सेकंद पडत गेला, की ती कामे रखडतात. उपग्रह ५५० किलोमीटरवर असेल, तर तेच चार टप्पे २,२०० किलोमीटरचे होतात आणि त्यांना सुमारे ७ मिलिसेकंद पुरतात. जमिनीवरील केबल आणि यंत्रणा यांचा विलंब त्यात मिळवावा लागतो, पण आकाशाच्या वाट्याचा विलंब एवढाच उरतो.

या सगळ्या हिशेबाचे मूळ उंचीच्या आकड्यात आहे, आणि तो आकडा आम्ही दुसऱ्याच्या भरवशावर घेत होतो. तिच्या प्रश्नाचा दुसरा भाग नेमका तेथेच बोट ठेवणारा होता. त्यामुळे उत्तर देण्याऐवजी उंची मोजायचीच, असे मी ठरवले आणि २०२५-२६ च्या हिवाळ्यात काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ते काम केले. त्या कामाची ही हकीकत आहे.

पद्धत अगदी साधी आहे. माथ्यावरून जाणारी वस्तू सेकंदाला किती अंश सरकते, हे तिचा वेग आणि उंची यांच्या भागाकारावरून ठरते. उपग्रहाचा वेग उंचीनुसार फारसा बदलत नाही. ३०० किलोमीटरवर तो सेकंदाला ७.७ किलोमीटर असतो, तर १,२०० किलोमीटरवर सुमारे ७.२५. उंची चौपट झाली, तरी वेगात सहा-सात टक्क्यांचाच फरक पडतो. म्हणून आकाशातील सरकण्याची गती मोजता आली, की उंची जवळजवळ हाती आलीच. राहिलेला थोडासा फरक न्यूटनच्या सूत्रातून, दोन-तीन वेळा तोच हिशेब फिरवून, दुरुस्त करता येतो. माझ्या मते गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणाला याहून चांगला प्रयोग नाही, आणि तो प्रयोगशाळेच्या चार भिंतींत होऊ शकत नाही म्हणूनच तो कोणी करत नाही, याचे मला वाईट वाटते.

साधने म्हणजे दहा पट मोठे दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची एक द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी पाहायची दुर्बीण), ती घट्ट बसवण्यासाठी कॅमेऱ्याची तिपाई, मोबाइलमधील स्टॉपवॉच आणि एक वही. जागा म्हणून नौपाड्यातील आमच्या इमारतीची गच्ची ठरली. सोसायटीच्या सचिवांकडून लेखी परवानगी घेतली आणि मुलांच्या पालकांनाही कळवून ठेवले. ठाण्याचे आकाश निरीक्षणाला अनुकूल नाही. पूर्व द्रुतगती महामार्गाचे दिवे, घोडबंदर रस्त्यापर्यंत पसरलेले मनोरे आणि हिवाळ्यातील धुरकट हवा यांमुळे क्षितिजाच्या वरचा बराच भाग फिकट करडा दिसतो. पश्चिमेला येऊरच्या डोंगरावर काळोख असला, तरी त्याचा आम्हांला उपयोग नव्हता. आम्हांला हवा होता तो माथ्यावरचा तुकडा, आणि तेवढा तुकडा शहरातही बऱ्यापैकी काळा असतो. उपग्रह माथ्यावर असतानाच त्याचे आपल्यापासूनचे अंतर आणि त्याची उंची एक होतात, हेही माथा निवडण्याचे कारण होते.

पहिले काम द्विनेत्रीचे दृष्टिक्षेत्र, म्हणजे तिच्यातून एका वेळी आकाशाचा किती अंश रुंदीचा भाग दिसतो ते, निश्चित करण्याचे. तिच्यावर ६.५ अंश असे कोरलेले होते, पण जी गोष्ट मोजता येते ती कोरलेल्या अक्षरांवरून का घ्यावी? मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत आधी उगवणारा तारा जवळपास खगोलीय विषुववृत्तावरच, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेघेवरच, आहे. पृथ्वी फिरते त्यामुळे असा तारा तासाला १५ अंश सरकतो. द्विनेत्री स्थिर ठेवून तो तारा दृष्टिक्षेत्राच्या एका कडेला आत शिरताना आणि बरोबर समोरच्या कडेने बाहेर पडताना वेळ टिपली. ती सुमारे साडेपंचवीस मिनिटे भरली. म्हणजे आमचे दृष्टिक्षेत्र ६.४ अंशांचे. मुलांना हा भाग कंटाळवाणा वाटेल अशी माझी समजूत होती, पण तारा कडेला पोचत आला की सगळे श्वास रोखून उभे राहत. आकाशाला हात न लावता त्याची फूटपट्टी करता येते, हे त्यांना त्या साडेपंचवीस मिनिटांत समजले.

आता माथ्यावर खूण हवी. ठाण्याचा अक्षांश १९.२ अंश आहे, आणि स्वाती हा तेजस्वी तारा खगोलीय विषुववृत्तापासून जवळजवळ तेवढ्याच अंशांवर उत्तरेला असल्यामुळे तो ठाण्याच्या अगदी माथ्यावरून जातो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहाटे सहाच्या सुमारास तो तेथे असतो, आणि पहाटेच्या निरीक्षणासाठी आम्ही त्याचाच आधार घेतला. संध्याकाळी मात्र ते काम रोहिणीकडे होते. फेब्रुवारीच्या मध्यावर पावणेआठच्या सुमारास रोहिणी माथ्यापासून दक्षिणेला तीन अंशांपेक्षाही कमी अंतरावर असते. तिच्याभोवतीचा शकट हा ताऱ्यांचा पुंजका द्विनेत्रीच्या क्षेत्रात पूर्ण मावतो, त्यामुळे उपग्रह क्षेत्राच्या मध्यातून गेला की कडेकडेने गेला, हे शकटातील तारे पाहून लगेच सांगता येते. कडेने जाणाऱ्याचा मार्ग आखूड भरतो, म्हणून तशा नोंदी आम्ही बाजूला ठेवल्या. निरीक्षकाने सतरंजीवर उताणे झोपायचे, तिपाईचे पाय त्याच्या खांद्यांच्या दोन्ही बाजूंना पसरलेले. दुसऱ्याने शेजारी बसून आवाजासरशी घड्याळ दाबायचे आणि तिसऱ्याने वेळ, दिशा व कालावधी लिहायचा. हाताची चपळाई प्रत्येकाची वेगळी, पण सुरुवातीला आणि शेवटी होणारा उशीर जवळपास सारखाच असल्यामुळे वजाबाकीत तो बराचसा निघून जातो.

सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, आकाश पुरेसे काळे झाले, की ठिपके दिसू लागत. दर काही मिनिटांनी एखादा फिकट, न लुकलुकणारा, एकसारख्या गतीने सरकणारा बिंदू क्षेत्रात शिरायचा. नुसत्या डोळ्यांना ठाण्यातून त्यातले बहुतेक दिसतच नाहीत. लोकांना जी दिव्यांची माळ दिसते आणि जिचे व्हिडिओ मोबाइलवरून फिरतात, ती प्रक्षेपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांतील असते. तेव्हा उपग्रह बरेच खाली, एकामागोमाग आणि जास्त उजळ असतात. नंतर ते आपापल्या इंजिनाने वर चढून पांगतात.

कालावधीच्या आधी दिशा बोलू लागली. बहुसंख्य ठिपके नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे जात होते. सरळ पश्चिम-पूर्व जाणारा जवळजवळ कोणी नव्हता. स्टारलिंक या इंटरनेट-उपग्रहांच्या सर्वांत मोठ्या जाळ्याच्या पहिल्या मोठ्या थरातील (जवळपास एकाच उंचीवर फिरणाऱ्या गटातील) उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५३ अंशांचा कोन करतात. अशी कक्षा ठाण्याच्या अक्षांशावरून जाताना उत्तरेपासून पूर्वेकडे चाळीस अंशांच्या आसपास कललेली असते, असे त्रिकोणमितीतून निघते. वहीतील दिशांच्या रेघा कोनमापकाने मोजल्या, तेव्हा त्यांची गर्दी तेथेच होती. काही रेघा आणखी पूर्वेकडे झुकलेल्या होत्या. ४३ अंश कलाच्या कक्षांचाही एक थर स्टारलिंकने नंतर उभारला आहे आणि त्या रेघा त्याच्याशी जुळतात. मुलांनी गच्चीच्या कठड्यावर खडूने उत्तरेची रेघ मारून घेतली होती. त्या रेघेच्या आधाराने, कोणतेही उपकरण न वापरता, ‘हा त्रेपन्नचा’ आणि ‘हा त्रेचाळीसचा’ असे ते पाहता पाहता सांगू लागले.

मध्यातून गेलेल्यांचा कालावधी बहुतेक वेळा आठ ते पावणेनऊ सेकंदांच्या दरम्यान भरला आणि सर्व नोंदींची सरासरी ८.४ च्या आसपास स्थिरावली. ६.४ अंशांना ८.४ सेकंद म्हणजे सेकंदाला सुमारे पाऊण अंश. ७.६ किलोमीटर वेग धरून भागाकार केला, तर उंची ५७० किलोमीटर येते. येथे एक बारकावा विचारात घ्यावा लागतो. उपग्रह पूर्वेकडे जात असताना आमची गच्चीही पृथ्वीबरोबर पूर्वेकडेच सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने जात असते, त्यामुळे आमच्या दृष्टीने त्याचा वेग ७.३ किलोमीटरपर्यंत घटतो. ही दुरुस्ती केली, की उत्तर ५५० किलोमीटर मिळते. २४ मे २०१९ रोजी पहिले ६० उपग्रह सोडले गेल्यापासून स्टारलिंकच्या मुख्य थराची जी उंची सांगितली जाते, ती हीच. आमच्या मोजमापात तीस-चाळीस किलोमीटर इकडेतिकडे होण्याइतकी ढिलाई आहे, आणि निरनिराळे थरही थोड्या वेगवेगळ्या उंचीवर आहेत, हे मान्य करूनही, सतरंजीवर झोपून काढलेल्या या उत्तराचे मोल माझ्या लेखी फार मोठे आहे. सेलेस्ट्रॅक या संकेतस्थळावर प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेचे दोन ओळींचे आकडे मोफत मिळतात. त्यात दिवसाला किती फेऱ्या होतात तो आकडा असतो. या उपग्रहांचा तो सुमारे १५.०६ असतो. फेरीचा काळ आणि कक्षेचा आकार यांचे नाते सांगणाऱ्या केप्लरच्या तिसऱ्या नियमात तो घातला, की पुन्हा ५५० च येतात. पण ते आकडे मी मुलांना आमची उंची निघाल्यावरच दाखवले.

मला स्वतःला सर्वांत जास्त आनंद झाला तो दुसऱ्या पद्धतीने. हे ठिपके स्वतः प्रकाश देत नाहीत. जमिनीवर अंधार झाला, तरी त्यांच्या उंचीवर ऊन असते आणि ते त्या उन्हात चमकतात. सूर्य क्षितिजाखाली जसजसा उतरतो, तसतशी पृथ्वीची सावली माथ्यावर चढत जाते. ५५० किलोमीटर उंचीवर ती माथ्याला भिडते तेव्हा सूर्य क्षितिजाच्या २३ अंश खाली असतो. फेब्रुवारीच्या मध्यावर ठाण्यात हे सूर्यास्तानंतर साधारण एक तास पस्तीस मिनिटांनी घडते. सूर्यास्त ६ वाजून ३८ मिनिटांनी, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास माथ्यावरचे उपग्रह दिसेनासे व्हायला हवेत. आणि तसेच झाले. आठनंतर ईशान्येकडे जाणारे ठिपके माथा ओलांडल्यावर थोड्याच वेळात मंद होऊन नाहीसे होऊ लागले, हळूहळू ती विझण्याची जागा माथ्याकडे सरकत आली, आणि सव्वाआठनंतर आमच्या क्षेत्रात जवळजवळ शांतता पसरली. उपग्रह जातच होते, फक्त अंधारातून जात होते. द्विनेत्री बाजूला ठेवून, केवळ घड्याळ आणि एक भूमितीची आकृती यांच्या साहाय्याने तीच उंची पुन्हा मिळाली. दोन स्वतंत्र वाटांनी एकाच आकड्यावर पोचणे म्हणजे काय, हे मी इतकी वर्षे वर्गात शब्दांनी सांगत आले होते.

याच सावलीने आम्हांला पुढची वाट दाखवली. ५५० किलोमीटरवरचे सगळे विझल्यानंतरही जो माथ्यावर चमकत असेल, तो त्यांच्याहून उंचावर असलाच पाहिजे. १,२०० किलोमीटरवर सावली पोचण्यासाठी सूर्य जवळजवळ ३३ अंश खाली जावा लागतो. वनवेब या दुसऱ्या जाळ्याचे सहाशेहून अधिक उपग्रह त्याच उंचीवर आहेत आणि त्यांच्या कक्षा ध्रुवांच्या अगदी जवळून जातात, म्हणजे ते ठाण्यावरून जवळपास सरळ उत्तर-दक्षिण जातात. यातील ७२ उपग्रह इस्रोच्या एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाने २३ ऑक्टोबर २०२२ आणि २६ मार्च २०२३ रोजी, प्रत्येक वेळी ३६ याप्रमाणे, श्रीहरिकोट्याहून नेले होते. भारतातून गेलेली वस्तू भारतातून पाहण्याची इच्छा मुलांना होणे साहजिक होते. परंतु हे उपग्रह नुसत्या डोळ्यांच्या क्षमतेपलीकडचे फिकट, आणि शहराच्या आकाशात द्विनेत्रीतूनही हरवणारे. त्यासाठी काळोख शोधावा लागला.

कर्जत लोकलने बदलापूरच्या पुढे गेले, की वांगणी लागते. ठाणे-मुंबईच्या आकाशनिरीक्षकांना हे स्थानक जुने परिचयाचे आहे. आता तेथेही इमारती वाढल्या आहेत, तरी स्टेशनपासून दूर, शेतांच्या बाजूला अजून अंधार मिळतो. जानेवारीतील अमावास्येच्या आसपासच्या रात्री आम्ही तेथे ओळखीच्या एका कुटुंबाच्या अंगणात मुक्काम केला. जानेवारीच्या मध्यावर सूर्यास्त ६ वाजून २० मिनिटांच्या सुमारास होतो; त्या हिशेबाने आठ वाजता खालचा थर सावलीत जातो आणि वरचा थर आठ चाळीसपर्यंत उन्हात राहतो. आमच्या कामाची खिडकी एवढी चाळीस मिनिटांची. एवढ्या वेळात माथ्यावरच्या लहानशा क्षेत्रातून वनवेबचा एखाद-दुसराच उपग्रह जातो, म्हणून स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीत कक्षांचे ताजे आकडे भरून, कोणता उपग्रह कृत्तिकांच्या कोणत्या बाजूने जाईल हे आधी काढून ठेवले होते.

दीर्घ वाट पाहिल्यानंतर उत्तरेकडून एक अतिशय मंद ठिपका क्षेत्रात आला. त्याची चाल पाहताच सगळ्यांना फरक जाणवला. गच्चीवर ज्यांना पाहायची सवय झाली होती ते चटकन निघून जात. हा मात्र एकेका ताऱ्याजवळून सावकाश पुढे सरकत होता. घड्याळात साडेअठरा सेकंद भरले. नंतर मिळालेल्या मोजक्या नोंदीही अठरा ते एकोणीस सेकंदांतल्याच होत्या. ध्रुवीय कक्षेत पृथ्वीच्या फिरण्याची दुरुस्ती नगण्य असते, म्हणून सरळ भागाकार केला आणि उंची १,२०० किलोमीटर आली. स्टारलिंकचेही काही उपग्रह ध्रुवीय कक्षांत फिरतात, तेव्हा नुसत्या दिशेवरून निदान करणे योग्य झाले नसते. सावली आणि कालावधी या दोघांची साक्ष मिळाल्यावरच आम्ही वहीत ‘वनवेब’ असे लिहिले.

उंची हाती आली, आणि मग त्या विद्यार्थिनीच्या गावाचा विचार खऱ्या अर्थाने करता आला. ५५० किलोमीटरवरचा उपग्रह जमिनीवरून कमीत कमी २५ अंश वर दिसायला हवा असे धरले, तर तो आपल्या खालच्या बिंदूपासून सुमारे ९४० किलोमीटर त्रिज्येतच उपयोगी पडतो, आणि अगदी माथ्यावरून गेला तरी साडेचार मिनिटांत तो त्या मर्यादेबाहेर जातो. तो निघण्याआधी दुसरा यायला हवा, त्यानंतर तिसरा. टीव्हीला एक उपग्रह पुरतो आणि येथे हजारो लागतात, याचे कारण एवढेच आहे. जवळीक हवी असेल, तर संख्या स्वीकारावी लागते. तिच्या घरावरची छत्री एका जागी खिळलेली आहे. दर काही मिनिटांनी बदलणाऱ्या उपग्रहाच्या मागे ती फिरू शकत नाही. नव्या सेवेच्या चपट्या अँटेनात शेकडो छोटे घटक असतात आणि त्यांच्या लहरींची वेळ किंचित मागेपुढे करून, अँटेना न हलवता तिचा रोख आकाशात फिरवला जातो.

तिच्या गावाच्या तिन्ही बाजूंना डोंगर आहेत आणि घराभोवती आंब्या-फणसाची झाडे. म्हणून मी तिला सुट्टीत घराच्या अंगणातून चारही दिशांना कोनमापक आणि ओळंब्याने आडोशाची उंची मोजून आणायला सांगितली. तिने आणलेल्या आकृतीत उत्तरेचा डोंगर १८ अंशांपर्यंत चढतो, तो अडथळा होत नाही. पण पश्चिमेचा फणस ४० अंशांच्या वर जातो आणि तो नडेल. गावातील शाळेचे पटांगण मात्र जवळजवळ सर्व बाजूंनी मोकळे आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांना पावसाळ्याचाही विचार करावा लागेल, कारण ग्राहकाकडे उतरणाऱ्या या लहरी १० ते १२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील असतात आणि जोराचा पाऊस त्यांना शोषून घेतो. टीव्हीचे चित्र मुसळधार पावसात का जाते, हे तिला ठाऊकच होते; कारणही तेच आहे.

आम्ही निरीक्षणे करत होतो त्या हिवाळ्यात सामान्य ग्राहकासाठी ही सेवा भारतात सुरू झालेली नव्हती. वनवेब, जिओ आणि जून २०२५ मध्ये स्टारलिंक अशा तिघांना केंद्राचा परवाना मिळालेला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली आणि त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशीम या जिल्ह्यांचा विशेष उल्लेख आहे. मुरबाड-शहापूरचे डोंगरपाडे मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत असल्यामुळे अशा यादीत सहसा येत नाहीत. ते यावेत असे मला मनापासून वाटते. ठाण्यात इमारतीपर्यंत फायबर आलेले आहे. येथे आकाशातून इंटरनेट घेण्याची निकड नाही. जेथे टॉवर उभारणे परवडत नाही आणि केबल ओढताना डोंगर आडवा येतो, तेथेच या उपग्रहांची खरी किंमत आहे.

त्याच वेळी आकाशाविषयीची माझी चिंताही मी मुलांपासून लपवली नाही. वांगणीला कॅमेऱ्यातून घेतलेल्या आमच्या मृगाच्या छायाचित्रांत उपग्रहांच्या रेघा उमटल्या. मोठ्या वेधशाळांच्या प्रतिमांत हा उपद्रव कितीतरी पटींनी अधिक असतो. स्टारलिंकने २०२० मध्ये एका उपग्रहाला काळसर लेप देऊन पाहिला, नंतर उन्हाला आडोसा करणाऱ्या झडपा लावल्या. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने २०२२ मध्ये यासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन केले. या प्रयत्नांनी उपग्रह फिकट झाले, अदृश्य झाले नाहीत. आपल्या अक्षांशावर निदान मध्यरात्रीच्या मोठ्या भागात खालचे थर सावलीत असतात. उत्तर युरोपात उन्हाळ्यात सूर्य फार खाली जातच नाही, त्यामुळे तेथे ते रात्रभर चमकत राहतात. इंटरनेट हवे आणि काळे आकाशही हवे, असे म्हणण्याचा अधिकार डोंगरपाड्यावरच्या मुलीला आहे, आणि उपग्रह बनवणाऱ्यांनी दोन्हींचा विचार करणे मी त्यांचे कर्तव्य मानते.

आमचे मोजमाप अजून चालू आहे, आणि त्याला एक ठोस कारण मिळाले आहे. जानेवारी २०२६ मध्ये स्टारलिंककडून जाहीर झाले, की ५५० किलोमीटरच्या आसपासचे सुमारे ४,४०० उपग्रह त्या वर्षभरात ४८० किलोमीटरपर्यंत खाली आणले जातील. जितके खाली, तितकी हवा अधिक दाट, आणि बिघडलेला उपग्रह तितका लवकर खाली येऊन जळून जातो. १,२०० किलोमीटरवरचा निकामी उपग्रह मात्र कित्येक शतके तसाच फिरत राहू शकतो. ४८० किलोमीटरवरून जाणारा ठिपका आमच्या द्विनेत्रीचे क्षेत्र ८.४ ऐवजी सुमारे ७.३ सेकंदांत ओलांडेल. एवढा फरक आमच्या घड्याळाला निश्चित पकडता येतो. सावलीची वेळही काही मिनिटांनी अलीकडे येईल. म्हणून पावसाळी ढग येण्यापूर्वी ५३ अंशांच्या दिशेने जाणाऱ्या जितक्या उपग्रहांची नोंद घेता येईल तितकी घेऊन ठेवायची, आणि दिवाळीनंतर आकाश निवळले की त्याच गच्चीवर, त्याच द्विनेत्रीने पुन्हा मोजायचे, असे मुलांनी ठरवले आहे. वहीची नवी पाने त्यांनी आखली आहेत. त्यात दिशा, कालावधी आणि विझण्याची वेळ यांच्या शेजारी निरीक्षकाचे नाव लिहिण्याचा एक रकाना आहे, कारण या वर्षीचे विद्यार्थी तोवर बारावीत गेलेले असतील आणि घड्याळ दाबायला अकरावीतले नवे हात घ्यावे लागतील.